यंदाचं मत

"दुसरं काही नको, वहिनी. डोंगर की चिमणा, तात्यांच्या तोंडून तेवढा एक शब्द हवाय," उपसंपादक म्हणाला आणि त्याने खुर्ची पलंगाशी ओढली.

वहिनींनी नवऱ्याच्या पाठीशी आणखी एक उशी लावली. चहा बशीत ओतून तो निवायला ठेवला.

तात्या आयुष्यभर बास्केटबॉलचे बातमीदार. व्यावसायिक लीगचा हंगाम संपत आला की सर्वांत मोलाचा खेळाडू निवडायला काही पत्रकारांना मत देता येतं. तात्या त्यांच्यातले अगदी जुने. कुणी कुणाला मत दिलं ते नावानिशी छापून येई, आणि तात्यांचं मत छापून आलं की निम्मं शहर त्यांच्यावर तुटून पडे. तात्यांना तेच हवं असे. यंदा चुरस दोन खेळाडूंत होती; लोकांनी त्यांची नावंच डोंगर आणि चिमणा पाडली होती. थंडीत मेंदूत रक्ताची गुठळी झाली, उजवा हात गेला आणि वाचाही गेली. मागे राहिला तो एकच शब्द.

"तात्या, आज शेवटचा दिवस आहे. मत गेलं नाही तर पुढच्या वर्षी तुमची जागा दुसऱ्याला देतील. डोंगर ना?"

"हो," तात्या म्हणाले.

कसा खणखणीत हो. उपसंपादकाला भरून आलं. त्याने चष्मा पुसला आणि खिशातून मोबाइल काढला.

"डोंगर?" लेक ओल्या हातांनीच स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बाबा आणि डोंगरला मत देणार? काहीतरीच काय, काका."

"तू ऐकलंस ना आत्ता?"

"बाबा, चिमणा ना?"

"हो."

दोघंही एकदमच सुरू झाले.

"अगं, सगळ्यांत जास्त गुण डोंगरचे. रिबाउंड त्याचे. संघ पहिला आलाय. आता काय त्याने दारावर उभं राहून तिकिटंही विकायची?"

"त्याच्या संघात बाकावर बसलेलेसुद्धा दुसरीकडे कप्तान होतील. चिमण्याच्या मागे कोण आहे, सांगा. गेल्या वर्षी तळाला होते ते."

"तुझा चिमणा निम्मा हंगाम पाय धरून बसला होता."

"आणि तो बसला होता तेव्हा जिंकले का एक तरी सामना धड? बाबा दर वर्षी काय लिहायचे? चांगला वेगळा आणि मोलाचा वेगळा. त्याला संघातून काढा, मग मागे काय उरतं ते बघा."

"मला नको शिकवूस. त्या लेखांना मथळे मी द्यायचो."

"म्हणूनच कुणी वाचायचं नाही."

उपसंपादक हसला. तात्यांची मान एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे वळत होती. डोळ्यांत कितीतरी दिवसांनी चमक आली होती. बशीतला चहा केव्हाच गार झाला, पण वहिनींनी तो पुढे केला नाही. भांडण चाललंय तेवढं चालू दे, असं त्यांना वाटलं.

शेवटी उपसंपादकच थकला. "वहिनी, आता तुम्हीच सोडवा. त्यांच्या मनातलं तुमच्याइतकं कुणाला कळणार? तुम्ही नाव घ्याल ते मी पाठवून देतो."

वहिनी खरं तर त्याच वर्तमानपत्राच्या कचेरीतल्या. कानाला फोन लावून टंकयंत्रावर बसायचं, आणि गावोगावचे बातमीदार सांगतील ते उतरवून घ्यायचं, हे त्यांचं काम. तात्या क्रीडागृहातून फोन करत. मागे कोलाहल, आणि त्यातून तो आवाज: "लिहा बाई. स्वल्पविराम. पूर्णविराम. नवा परिच्छेद." बाईंच्या वहिनी झाल्या त्या अशा ऐकता ऐकता. खेळातलं त्यांना तेव्हाही फारसं कळत नसे आणि आताही नाही. पण कामाचा एक नेम त्यांनी कधी मोडला नव्हता. मध्येच लाइन तुटली तर वाक्य तिथेच सोडायचं. पुढे काय असेल ते कितीही स्पष्ट दिसत असलं तरी आपल्या मनाने पुरं करायचं नाही. एकदा मुख्य संपादक डोक्यावर उभे राहून म्हणाले होते, अहो, घाला ना दोन शब्द, कुणाला कळतंय. वहिनींनी मान हलवली होती आणि पुन्हा फोन लागेपर्यंत कागद तसाच ठेवला होता.

तात्यांना दवाखान्यातून घरी आणलं, त्याच आठवड्यात वहिनींना उमगलं होतं. भूक लागली का, हो. पोट भरलं का, हो. भेटायला आलेली माणसं विचारत, "ओळखलं ना तात्या?" आणि तो हो घेऊन सुखाने घरी जात. वहिनींनी कुणाचं सुख मोडलं नाही. पहाटे प्रार्थनेला बसल्यावर त्या देवाकडे नवऱ्याचं बरं होणं मागतच नसत. ज्या माणसाने आयुष्यात कुणाचं काही पहिल्या फटक्यात मान्य केलं नाही, त्याच्या तोंडून फक्त एक 'नाही' मागत.

आणि लेक. ती नवऱ्याचं घर सोडून दोन बॅगा घेऊन आली, तेव्हा तात्यांच्या पायाशी बसून तिने विचारलं होतं, "बाबा, मी केलं ते बरोबर ना?" वहिनी दारात औषध घेऊन उभ्या होत्या. तात्या म्हणाले, "हो." त्या दिवसापासून पोर जेवू लागली, झोपू लागली, शाळेत शिकवायला जाऊ लागली. त्या एका शब्दावर तिने आयुष्याची घडी बसवली होती. मग वहिनी कुठल्या तोंडाने बोलणार?

"बोला, वहिनी," उपसंपादक म्हणाला.

वहिनींनी लेकीकडे पाहिलं. मग पदराने तात्यांच्या हनुवटीवरची ओल टिपली.

"मत पाठवू नका, भाऊजी."

"अहो, पण जागा जाईल त्यांची."

"जाऊ दे. दुसऱ्याच्या मताखाली त्यांचं नाव नको. ते कशालाही हो म्हणतात. तुमच्यासमोर त्यांना विचारून दाखवायचं नाही मला, त्यांचा खेळ करायचा नाही. पण तसं आहे खरं."

"कधीपासून?" हे लेकीने विचारलं.

"घरी आणल्यापासून."

लेक भिंतीला टेकली. ओले हात तिने कुडत्याला पुसले, पुन्हा पुसले. "मग मला म्हणाले होते ते?"

उपसंपादकाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. पण माणूस शहाणा, त्याने नजर खाली वळवली.

"तेव्हाही, बाळा," वहिनी म्हणाल्या. "मी दारातच होते. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण धीर झाला नाही."

"बरे असते तर काय म्हणाले असते?"

"तीन दिवस भांडले असते तुझ्याशी. जेवण टाकलं असतं. चौथ्या दिवशी काय म्हणाले असते..." वहिनी थांबल्या. "ते मला माहीत नाही गं. मी आपल्या मनाने नाही सांगणार."

लेक आत निघून गेली. आतून नळाचा आवाज येत राहिला.

उपसंपादक उठला. तात्यांच्या पायावरची सरकलेली चादर त्याने नीट केली. "येतो, तात्या."

"हो."

"वहिनी, मी कळवतो, यंदा त्यांचं मत नाही म्हणून."

"तसंच कळवा. आजारी आहेत, विसरले, असलं काही जोडू नका."

तो गेल्यावर वहिनी गार चहा घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. लेकीने नळ बंद केला, आईकडे न बघता तिच्या अंगावरून ती बाहेर गेली. वहिनी ओट्याला हात टेकून उभ्या राहिल्या. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बाबा," लेक म्हणाली. आवाज बसला होता. "परवा शेवटच्या मिनिटाला चेंडू चिमण्याच्या हातात होता. समोर रस्ता मोकळा. सगळ्यांना वाटलं, आता हा स्वतःच घालणार. पण त्याने कोपऱ्यातल्या त्या नवख्याला पास दिला. नवख्याचा नेम चुकला, आणि सामना गेला. लोक चिमण्याला शिव्या देत बाहेर पडले. मला नाही वाटत तो चुकला. काकांना वाटतं. तुम्हाला काय वाटलं असतं, ते मला माहीत नाही."

मग तिने सामना पहिल्यापासून सांगायला घेतला.

वहिनींनी गॅस पेटवून नवा चहा ठेवला आणि आवाज होऊ नये म्हणून कप हातातच धरून ठेवले. बाहेर लेक सांगत होती, कोण कुठे उभं होतं, कुणाचा पाय घसरला, पंचाने शिट्टी केव्हा वाजवली. पुष्कळ वेळ ती सांगत राहिली आणि तात्यांना तिने काही म्हणता काही विचारलं नाही.