फळ्याच्या मागे

साहेबांनी अंगठा ओला केला आणि फळ्यावरचा पहिला आकडा पुसून पाहिला. तो पुसला गेला नाही. त्यांनी पुन्हा जोर लावून घासलं आणि अंगठा डोळ्यांजवळ नेला. अंगठा कोरा होता.

"रंगानं लिहिलंय की काय?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "मेणाची पेन्सिल आहे. पण मागून लिहिलंय. तिकडूनच पुसलं जातं."

चौकशीला आलेल्या तिघांपैकी एकाला हसू आलं. साहेबांना आलं नाही.

माझं काम तेच होतं. रडारच्या खोलीत माणसाच्या उंचीचा, काचेसारखा आरपार दिसणारा एक फळा होता. समोर अधिकारी बसायचे. त्यांच्या नजरेच्या आड येऊ नये म्हणून लिहिणाऱ्यानं फळ्याच्या मागे उभं राहायचं आणि सगळं उलटं लिहायचं, म्हणजे पुढच्यांना सुलटं दिसतं. सात वर्षं मी हेच करत होतो. हाताला ते इतकं बसलं होतं की घरी पत्र लिहितानाही पहिला आकडा उलटा पडायचा. लोकांसमोर उभं राहायची मला लहानपणापासून धास्ती. मागे उभं राहायचं काम मिळालं याचं मला बरंच वाटायचं.

पडद्यासमोर माझा मित्र बसायचा. त्याचे डोळे मोठे आणि गोल, त्यात रात्रपाळी आवडीची, म्हणून तो घुबड. आणि मी आरसा. हिरव्या पडद्यावर उजेडाचा काटा गोल फिरायचा, दहा सेकंदांत एक फेरा. ठिपका दिसला की तो दिशा आणि अंतर सांगायचा, ते माझ्या कानात यायचं, मी लिहायचो आणि म्हणायचो, "लिहिलं." आमचं निम्मं आयुष्य एवढ्याच बोलण्यात गेलं. उरलेल्यात तो माझी टिंगल करायचा.

"आरशा, दाढी केलीस का रे आज? बघ हं, तुझ्यात बघून मी माझी करतो."

त्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी त्यानं पहिला ठिपका सांगितला. मग दर मिनिटाला एक. चार ओळींपर्यंत अंतर कमी होत गेलं. पाचवी ओळ चौथीसारखीच आली. सहावीही.

"उभं आहे रे," तो म्हणाला.

"उभं कसं असेल? विमान काय थांब्यावर उभं राहतं?"

"तेच म्हणतोय मी. लिही तू."

आकाश निरभ्र होतं. त्या बाजूला कुणाचंही उड्डाण नव्हतं. ड्यूटीवरचे अधिकारी पाठ करून टेलिफोनवर ओरडत होते. तयारीतलं एक विमान वर पाठवलं गेलं. ते पोचेपर्यंत ठिपका नाहीसा झाला होता, आणि वैमानिकानं कळवलं की तारे सोडून काही नाही. फळ्यावर अकरा ओळी उरल्या. वरून हुकूम आला, चौकशी होईपर्यंत फळ्याला हात लावायचा नाही.

पण आठव्या ओळीनंतर एक गोष्ट घडली होती. मी फळा सोडून पुढे गेलो होतो. नोंद चालू असताना जागा सोडणं हा गुन्हा. सात वर्षांत मी तो कधी केला नव्हता. का गेलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्याच्या आवाजात काहीतरी होतं. मी त्याच्या खांद्यावरून वाकलो. काटा फिरून आला आणि त्यानं सांगितलेल्या जागी मोहरीएवढा उजेड पेटला. विझत विझत गेला. काटा पुन्हा आला, पुन्हा पेटला. दोन फेरे. घुबडानं मान वळवली नाही. मी परत फळ्यामागे गेलो आणि पुढचं लिहिलं. कुणी पाहिलं नाही.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी तो माझ्या खोलीवर आला. माझ्या खोलीत खाट कमी आणि पुस्तकं जास्त. त्यानं एक उचललं, उघडलं नाही, परत ठेवलं.

"उद्या तुला विचारतील."

"हो."

"सांगशील ना?"

"सांगेन की."

"बस." मग तो हसला. "नाहीतर मलाच वाटायला लागायचं, मी झोपेत बरळलो."

त्याच्या दाढीचे खुंट वाढले होते. पाच आठवड्यांपूर्वी त्याचा आठ महिन्यांचा मुलगा दोन दिवसांच्या तापानं गेला होता. बारा दिवसांची रजा संपवून तो कामावर आला तेव्हा कुणी काही बोललं नाही, तोही बोलला नाही. नुसतं एकदा, माझ्या कानातल्या यंत्रात, दोन ठिपक्यांच्या मधल्या वेळात म्हणाला होता, "पाळणा परत द्यायचाय शेजारी. उचलवत नाही रे." मी नेहमीच्या सवयीनं "लिहिलं" म्हणून गेलो होतो.

चौकशी कँटीनच्या मागच्या खोलीत होती. एक टेबल, तीन खुर्च्या, कोपऱ्यात टंकलेखक. फळा तिथेच आणून भिंतीपासून हातभर पुढे उभा केला होता.

"हा तुमचा मित्र ना?" साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज चांगला होता, रागाचा नव्हता. "नुकतंच मूल गेलं त्याचं."

"हो, साहेब."

"झोप लागत होती त्याला?"

"मला माहीत नाही, साहेब."

"तुमची जागा कुठे असते?"

"फळ्याच्या मागे."

"पूर्ण वेळ?"

टंकलेखकाची बोटं कळांवर थांबली होती. त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते खरं सांगायचं तर, शिक्षेची भीती आली, हे आहेच. पण तेवढंच नव्हतं. माझा चष्मा जाड. खोलीत अंधार. वीस सेकंद. मी पाहिलं, की तो म्हणाला म्हणून मला दिसलं? स्वतःवर शंका घेण्याची खोड मला आधीपासूनच होती. त्या दिवशी ती अगदी वेळेवर मदतीला आली.

"पूर्ण वेळ, साहेब."

"म्हणजे ती खूण तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिली नाही."

"ऐकलं ते लिहिलं, साहेब."

मला बोलायला जेवढा वेळ लागला त्याहून कमी वेळात ते टाइप झालं.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "आकडे उतरवून घेतलेत. पुसा तो फळा."

मी फळ्यामागे जाऊन फडकं फिरवायला लागलो. एक एक ओळ जाऊ लागली तशी पलीकडची खोली स्वच्छ दिसायला लागली. दारात घुबड उभा होता. त्याला आत बोलावायचं होतं. टोपी काखेत धरून तो माझ्याकडे बघत होता. मी अकरावी ओळ पुसेपर्यंत बघत होता.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. यंत्र चांगलं, आकाश स्वच्छ, वस्तू कोणतीही नाही. 'अपत्यशोकामुळे झालेला भास.' घुबडाला पडद्यावरून काढून भांडारात पाठवलं. तिथे त्यानं बावीस वर्षं घोंगड्या आणि बूट दिले-घेतले.

तो माझ्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. पुढच्याच रविवारी तो बुद्धिबळाचा पट घेऊन आला. "पांढरी तुझी," म्हणाला. "तुला पहिली खेळी दिली तरी तू अर्धा तास विचारच करणार." त्या रात्रीबद्दल त्यानं पुन्हा एक शब्द काढला नाही. मीही नाही. असे किती रविवार गेले.

अहवालातला शब्द मात्र त्याच्या मागोमाग घरी आला. वहिनी प्रेमळ बाई. त्या प्रेमानंच त्या शब्दाला धरून राहिल्या. घुबड म्हणाला, की जळका वास येतोय, तर त्या "हो हो, बघते हं" म्हणायच्या, मुलाला म्हणावं तसं. पुढे मुलगी झाली, तीही ते ऐकत मोठी झाली. एकदा आम्ही पट मांडून बसलो असताना तो म्हणाला, "दार वाजलं." वहिनींनी माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली: सोडून द्या, भावजी, त्यांना होतं असं.

"वाजलं, वहिनी," मी म्हणालो. "मीही ऐकलं."

दूधवाला होता. दाराबद्दल मला खरं सांगता आलं. घुबडानं तेव्हा पटावरून डोळे उचलून माझ्याकडे पाहिलं, क्षणभरच, आणि घोडा पुढे सरकवला.

वहिनी जाऊन सहा वर्षं झाली. आणि गेल्या महिन्यात एका सकाळी त्याच्या मुलीचा फोन आला.

"काका, येता का? बाबा सारखं विचारतायत, आरसा आला का. नर्सनं बिचारीनं हातआरसा आणून दिला त्यांना."

"आणि?"

"'हा नव्हे, याहून मठ्ठ आहे तो,' म्हणाले." ती हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फुटला.

संसर्गाच्या वॉर्डात त्याला एकट्याला ठेवलं होतं. माझा खोकला ऐकून डॉक्टरांनी मला आत सोडलं नाही. भिंतीत मोठी काच होती, पलीकडे खाट. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, उशाला यंत्र, यंत्राच्या पडद्यावर हिरवी रेघ. वयानं त्याचे कान केव्हाच गेले होते, आणि श्रवणयंत्र मुखवट्याच्या पट्ट्यांखाली राहीना म्हणून काढून ठेवलं होतं. त्याचे डोळे मात्र तेवढेच मोठे होते. मला पाहून त्यानं एक भुवई वर केली.

"रात्रभर त्या पडद्याकडे बघत बसतात," मुलगी म्हणाली. "म्हणतात, ठिपका थांबलाय. आई म्हणायची ना, बाबांना भास होतात, दादा गेला तेव्हापासून. आता फारच वाढलंय. डॉक्टर म्हणाले, काही सांगायचं असेल तर आजच..."

मी काचेपुढे उभा राहिलो. मग तिला म्हणालो, "बाळ, तुझ्याकडे मेणाची पेन्सिल आहे का?"

"कसली?"

"काचेवर उठेल अशी कुठलीही."

तिनं पर्स उचकली. डोळ्यांत घालायची काजळाची पेन्सिल निघाली. बोटात धरल्यावर ती हुबेहूब तशीच वाटली, तेवढीच मऊ.

आकडे उलटे लिहिण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता, पण अक्षरं मी क्वचितच लिहिली होती. पहिला शब्द चुकला, बाहीनं पुसला. पुन्हा लिहिला. तो आतून बघत होता. उलटं लिहिताना मी त्याचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता; तो नेहमी पडद्याकडे तोंड करून असायचा.

'ठिपका होता. मी पुढे येऊन पाहिला. दोन फेरे.'

एवढं लिहायला मला त्रेचाळीस वर्षं लागली.

त्यानं वाचलं. मुखवट्यात त्याचा श्वास एकदा मोठा आला, काचेवर येते तशी मुखवट्यावर वाफ आली. रागाचं काही चेहऱ्यावर दिसेल म्हणून मी बघत राहिलो. मला ते हवंही होतं. त्यानं सुईवाला हात चादरीवरून उचलला, मानेनं 'नाही' म्हटलं, आणि बोटं उभी केली.

तीन.

त्यानं पुन्हा दाखवली, मी चुकीचं वाचू नये म्हणून. तीन फेरे. मी त्याच्या मागे उभा असताना त्यानं मोजले होते. माझा श्वास त्याच्या मानेवर पडला असेल. म्हणजे दारात टोपी काखेत धरून उभा होता, तेव्हाही त्याला माहीत होतं. आणि त्या सगळ्या रविवारी.

मी 'दोन' पुसून 'तीन' केलं. मग काचेला तोंड लावून म्हणालो, "लिहिलं." त्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं. त्यानं डोळे मिटले.

"काका, काय लिहिलंय हे? उलटं आहे सगळं." मुलगी काचेजवळ येऊन एक एक अक्षर लावत होती. लावता लावता थांबली. "कसला ठिपका?"

मी तिला सांगितलं. काही वगळलं नाही. कॉरिडॉरमधल्या बाकावर ती बसली, पर्स मांडीवर उघडीच.

"म्हणजे बाबांना भास नव्हता?"

"नव्हता."

"मग काय होतं ते?"

"ते मला माहीत नाही, बाळ. कुणालाच नाही. पण होतं."

तिनं एकदा काचेकडे पाहिलं. मग म्हणाली, "आई त्यांच्या ताटातलं मीठसुद्धा आधी चाखून बघायची, काका. ते म्हणाले खारट आहे, तर." आणि मग अगदी हळू, "तिला तरी सांगायचं होतं."

मी काजळाची पेन्सिल तिच्या उघड्या पर्समध्ये परत ठेवली.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास गेला. मी बाहेरच होतो. त्याला घेऊन गेल्यावर नर्सनं खाटेची चादर काढली, यंत्र बंद केलं, खिडकी उघडली. मग तिचं लक्ष काचेकडे गेलं. हातातलं ओलं फडकं घेऊन ती आली आणि आतून पुसायला लागली. पहिल्या शब्दावर तिनं दोनदा हात फिरवला. मग जोर लावून घासलं. मग फडकं उलटून पाहिलं. ते कोरं होतं.

तिनं काचेतून माझ्याकडे पाहिलं. अक्षरं माझ्या बाजूला होती.

मी खिशातला रुमाल काढला, आणि तसाच हातात धरून उभा राहिलो.