खिडकीतून विकलेलं मूल

ओराझबिकेच्या सुनेची तीन मुलं गेली होती. पहिलं जुलाबानं, दुसरं अंगात रक्तच नाही म्हणून, तिसरं कशानं ते दवाखान्यानं कागदावर लिहिलंच नाही. चौथा मुलगा झाला आणि आठव्या दिवशी म्हातारी तडक कल्लीगुलच्या दारात आली.

"तू विकत घे त्याला," ती बसायच्या आधीच म्हणाली. "रिवाज तुला ठाऊक आहे. जिचं एकही मूल गेलेलं नाही तिनंच घ्यायचं. मरण जुन्या घरात शोधत बसतं, मूल भलत्याच घरात असतं."

"दुसरी कुणी बघा ना, आपा."

"बघितली. सगळं मुयनाक गाव पालथं घातलं. प्रत्येकीनं एखादं तरी पुरलंय. एकीनं तर विचारलं म्हणून दार तोंडावर आपटलं. उरलीस तू. पाच झाली, पाच जिवंत. तुझ्या घराचा पत्ता मरणाला कुणी दिलाच नाही."

कल्लीगुलनं चहात दूध घातलं. ते फाटलं. इथल्या खारट पाण्यात ते फाटायचंच. दोघी तसाच प्यायल्या.

पाच नव्हती झाली. सहा. पहिली मुलगी बेटावरच्या मासेमारीच्या तळावर झाली, नऊ दिवस जगली. नवऱ्यानं वाळूत पुरली. सासू पायगुणाला नावं ठेवेल म्हणून दोघांनी तोंडं शिवून घेतली. पुढे नवराही वारला. ती मुलगी गेली तेव्हा समुद्र काठोकाठ होता. मुलं तेव्हाही मरायची, पण अशी घरोघरी नाही मरायची. आता ते बेटच उरलं नव्हतं. पाणी कोसच्या कोस मागे गेलं होतं आणि तिथपर्यंत उंट चालत जायचे.

"घेते," ती म्हणाली. कारण चहा संपला तरी म्हातारी उठेना.

दुसऱ्या दिवशी ती ओराझबिकेच्या घराबाहेर, खिडकीखाली उभी राहिली. आतून मूल जुन्या फडक्यात गुंडाळून बाहेर दिलं, केर टाकावा तसं. तिनं लाकडी वाडगाभर कोंडा आत दिला आणि मोठ्यानं म्हणाली, "घेतलं. आता हे माझं." मूल इतकं हलकं होतं, की फडक्यात आहे ना, हे तिनं एकदा उघडून बघितलं.

तीन दिवस मूल तिच्याकडे राहायचं होतं. त्याची आई झिबागुल यायची ती दाई म्हणून. रिवाजाप्रमाणे तिनं पोराला आपलं म्हणायचं नव्हतं, नावानं हाक मारायची नव्हती. पाजताना ती भिंतीकडे बघायची.

दुसऱ्या दिवशी भिंतीकडे बघतच ती बोलली. "आपा, डॉक्टरीणबाईंनी माझं दूध तपासलं. म्हणाल्या, कुणाला सांगू नको, माझी नोकरी जाईल. पण जमलं तर बाळ इथून हलव."

"सासूला सांगितलंस?"

"त्या म्हणतात, दुधाला नावं ठेवणारी डॉक्टरीण अजून लग्नाची आहे, तिला काय कळतं."

कल्लीगुल हसली नाही. ती कारखान्यात मासे कापायची. ते मासे परक्या महासागरातून, बर्फात घालून, रेल्वेनं यायचे, म्हणजे समुद्राकाठच्या गावाला मासे बाहेरून. वरच्या अंगाला नदीला फाटे फोडून कापूस पिकवला, आणि नदी कापसानं पिऊन टाकली. समुद्राच्या उघड्या तळाचं मीठ, शेतातलं विष, सगळं वाऱ्यावर बसून परत आलं. ते चुलीत पडलं, पाळण्यात पडलं, बायकांच्या छातीत उतरलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी अहवाल लिहिला: इथल्या आया स्वच्छता पाळत नाहीत. आणि गाव काय करत होतं? मुलं खिडकीतून विकत होतं. मरण दारानं येतं असं समजून.

तिसऱ्या दिवशी ओराझबिके नवा रुमाल आणि ताजा नान घेऊन आली. झिबागुल पाजत बसली होती.

"दे बाई माझा नातू."

"नाही देत," कल्लीगुल म्हणाली.

"चेष्टा पुरे. नान गार होतोय."

"चेष्टा नाही, आपा. विकलंत, मी घेतलं. ज्याचं मूल त्याचा शब्द. हा नदीच्या वरच्या अंगाला, तुर्तकुलला जाईल, झिबागुलच्या माहेरी. तीही जाईल, पाजायला. उद्या दुपारी कारखान्याचा, माशांच्या डब्यांचा ट्रक निघतोय, ड्रायव्हरशी मी बोललेय."

"अगं, हा रिवाज आहे, बाजार नाही!"

"मग कोंडा का घेतलात?"

म्हातारी खाली बसली. "तिथंही हीच नदी आहे."

"तिथं निदान नदी आहे."

"मुलगा कामाला परमुलखात. सून जाणार, नातू जाणार. मी त्या घरात भिंतींशी बोलू? लोक म्हणतील, तीन खाल्ली आणि चौथं हाकललं."

"म्हणू देत."

झिबागुल मान खाली घालून होती, पण तिनं पोराला घट्ट धरलं होतं. ओराझबिकेनं ते पाहिलं. मग तिनं नान दोघींच्या मध्ये ठेवला.

"भाकरीवर हात ठेव. सांग, तू एकही पुरलेलं नाहीस. खरं असेल तर मूल तुझं, तुझा शब्द मी ऐकेन. खोटं असेल तर सौदा मोडला, मी त्याला आत्ता घरी नेते."

भाकरीवरची खोटी शपथ त्या गावात कुणी घेत नसे. दारुडेसुद्धा नाहीत.

कल्लीगुलनं हात ठेवला. नान अजून गरम होता. बेटावर पुरलेल्या त्या मुलीच्या कपाळावर, डाव्या भुवईच्या वर, तांबूस डाग होता. हे सांगायला आता जगात दुसरं कुणी नव्हतं.

"पाच झाली," ती म्हणाली. "पाच जिवंत. सहावं कधी नव्हतंच."

"सहावं कुणी विचारलं?" म्हातारी म्हणाली.

बाहेर वारा सुटला होता आणि खिडकीच्या फटीतून पांढरी भुकटी आत येत होती. झिबागुलनं पोराच्या तोंडावर डोक्यावरच्या रुमालाचं टोक ओढलं.

ओराझबिकेनं बराच वेळ कल्लीगुलकडे पाहिलं. मग सुनेकडे वळून म्हणाली, "त्याचे कपडे धुतलेत, घरी दोरीवर आहेत. उद्या नेताना मीठ झटकून घे." आणि नान मोडून अर्धा तिनं कल्लीगुलसमोर धरला. "शपथेची भाकर ठेवायची नसते. खा."

कल्लीगुलनं घास तोंडात घातला. ती चावत राहिली. म्हातारी समोरच बसून राहिली, आणि तिनं तो पूर्ण गिळेपर्यंत नजर काढली नाही.