'गॅस्केटच हलका होता'

मी एक जुना हेड गॅस्केट आहे. जुना म्हणजे जळका. त्सोलोच्या गॅरेजात खिळ्याला टांगलेला. मित्रांनो, आमच्या जातीचं कोणी आपली कहाणी सांगत नाही. आम्ही कामावर असतो तोवर आम्हाला कोणी बघतच नाही. इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचं हेड यांच्यात आम्हाला दाबून बसवतात, आणि बाहेर काढतात ते थेट गुन्हेगार म्हणून.

काम सांगायला सोपं. इंजिनात आग असते, पाणी असतं, तेल असतं. तिघांनी एकमेकांच्या घरात शिरायचं नाही, एवढं बघायचं. कारखान्यातून निघालो, काही वर्षं खोक्यात पडून राहिलो, आणि मग रोडोपी पर्वतातल्या या डोंगरगावात त्सोलोनं मला मिल्कोच्या जुन्या गाडीत बसवलं. दोघं शाळेत एका बाकावरचे. बसवण्याआधी त्सोलोनं मला उजेडात धरलं होतं.

"मिल्को, माल बघ. तुझ्या लग्नानंतरही टिकेल हा."

"माझ्या लग्नापर्यंत गाडी टिकली तरी मिळवली," मिल्को म्हणाला.

मग त्सोलोनं बोल्ट मधून कडेकडे, तीन फेऱ्यांत, ताण मोजणाऱ्या पान्यानं आवळले आणि बजावलं, "रेडिएटरमध्ये हिरवं कूलंटच घालायचं. आपलं डोंगराचं पाणी चुन्याचं आहे."

हे शब्द मी ऐकलेत. त्सोलो नाही म्हणाला तरी ऐकलेत.

नऊ वर्षं मी थेंब इकडचा तिकडे होऊ दिला नाही. नंतर मिल्को परदेशी बांधकामावर गेला, परांचीवरून पडला आणि पेटीतून घरी आला. त्याच्या आईनं, नेदानं, गावाबाहेरच्या वळणावर डोंगराच्या पाण्याचा दगडी झरा बांधला. वर मुलाचं नाव, फोटो. इकडे असंच करतात, येणाराजाणारा मेलेल्याच्या नावानं पाणी पितो. त्याच वर्षी मिल्कोचा बाप रादोय याची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा घाट ओलांडून शहरातल्या दवाखान्यात जायचं, यंत्रातून रक्त धुऊन आणायचं. गाडी नेदा चालवायची. झऱ्यापाशी थांबायची, दोन कॅन भरायची आणि रेडिएटरमध्ये ओतायची.

"त्या हिरव्या विषापेक्षा माझ्या मिल्कोचं पाणी बरं," ती म्हणायची. "तोच बापाला घाट चढवतो."

थंडीत पाणी गोठून इंजिन फुटू नये म्हणून ती संध्याकाळी सगळं सोडून द्यायची आणि सकाळी पुन्हा भरायची. दर खेपेला ताजं पाणी म्हणजे दर खेपेला ताजा चुना. माझ्या शेजारच्या पाण्याच्या वाटा पांढऱ्या होत होत बुजल्या. हेड तापलं, केसभर वाकलं. तेवढ्या फटीतून आगीनं मला दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये चाटून खाल्लं. मी खूप दिवस धरून होतो. सांगणार कोणाला? मला तोंड नाही.

मग मागून पांढरी वाफ निघू लागली, पाणी कुठं जातंय कळेना. गाडी त्सोलोकडे आली. त्यानं तेलाचं झाकण उघडलं, आत पिवळट साय. थंड इंजिनावर रेडिएटर उघडून गाडी चालू केली, तर पाण्यात बुडबुडे. दाब मोजला, दोन शेजारी सिलिंडर मेलेले.

"माझ्यासारखीच झाली म्हण की," स्टुलावर बसलेला रादोय म्हणाला. "पाणी जायचं तिथं जात नाही, नको तिथं जातंय. हिलाही आठवड्यातून तीनदा आणावी लागणार का?"

"काका, तुम्ही गप्प बसा. तुमच्यापेक्षा ही लवकर बरी होईल."

त्सोलोनं हेड उचललं. पाण्याच्या वाटांत चुन्याची पुटं, ॲल्युमिनियम कुरतडल्यासारखं. तो बघतच राहिला. रादोयनं वाकून नखानं चुना खरवडला.

"दवाखान्यात पाण्यातला चुना आधी काढतात," तो हळूच म्हणाला. "मगच ते यंत्रात सोडतात."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांना कळलं होतं. तेवढ्यात नेदा आली. एका हातात चीज भरलेला गरम बानित्सा, दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन.

"कशानं गेलं रे?"

त्सोलोनं फडक्याला हात पुसले. बराच वेळ पुसले.

"गॅस्केटच हलका होता, काकू. आजकालचा माल."

मित्रांनो, ज्यानं मला उजेडात धरून वाखाणलं, त्यानंच हे म्हटलं. रादोयनं नखातला चुना पँटला पुसला आणि बानित्साचा तुकडा तोंडात घातला. मला खिळ्यावर लटकवलं. त्सोलोनं हेड घासून सपाट करून आणलं, नवा गॅस्केट बसवला, काटेकोर आवळला. हातात हिरवं कूलंट घेतलं.

"ते विष ठेव बाजूला," नेदा म्हणाली. "हे घाल."

आणि त्यानं तिचा कॅन घेतला आणि ओतला. चाळीस वर्षांचा गडी. चार शब्द बोलायला भ्याला, आणि त्याला माया म्हणत राहिला.

पुढच्या फेब्रुवारीत, सोमवारी, गाडी घाटमाथ्यावर उकळून बंद पडली. शनिवार-रविवार यंत्र नसतं, म्हणून सोमवारी रादोय अंगात पाणी साठून सगळ्यात जड असायचा. बर्फ पडत होता. बर्फ सारणारी गाडी यायला पाच तास लागले. त्या बर्फगाडीच्याच केबिनमध्ये रादोयचं हृदय थांबलं.

चाळीसाव्या दिवशी नेदा गॅरेजात आली. मेलेल्याच्या नावानं वाटायच्या उकडलेल्या गोड गव्हाचा कप तिनं त्सोलोच्या हातात ठेवला.

"देव त्याला क्षमा करो," रीत म्हणून त्सोलो पुटपुटला.

घाटातून ओढून आणलेल्या गाडीच्या उघड्या इंजिनात तिनं पाहिलं. "हाही हलका निघाला?"

त्सोलो म्हणाला, "पाण्यानं गेला, काकू. झऱ्याच्या. चुना आहे त्यात."

"कधी कळलं?"

"मागच्याच वेळी."

"आणि बोलला नाहीस."

"तुम्हाला सहन झालं नसतं."

"पोराला मातीत घातलं ते सहन झालं," नेदा म्हणाली. "रेडिएटरमधलं पाणी सहन झालं नसतं?"

"रादोयकाकांनाही ठाऊक होतं."

बघा. आता मेलेल्याला पुढं केलं.

"असेल. तो माझ्याशेजारी बसून गेला. तू इथं शेगडीपाशी होतास." तिनं शाल सावरली. "खा तो गहू. आणि देवाकडे क्षमा कोणासाठी मागायची, ते नीट ठरव."

ती चालत गेली. त्सोलो कप हातात धरून उभाच राहिला.

मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या, असं माझ्यासारखा सांगतो तेव्हा तुम्ही मान हलवता आणि विसरता. म्हणून मी तेवढंच मागत नाही. कोणी तुम्हाला विचारलं, "कशानं गेलं?" तर खरं सांगा. समोर आई असो, देव असो, मेलेल्याचा फोटो असो. ज्याला तोंड नाही त्याच्यावर ढकलू नका. मी पत्रा आहे, मला शिव्या लागत नाहीत. पण नवा गॅस्केट आणता येतो. रादोय कुठून आणाल?