कागदाच्या जाडीएवढी फट

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, घड्याळजी आहे. गेल्या वर्षी त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला आणि त्याने दुकान बंद केलं. औषधाने कंप थांबला, पण हातावरचा भरवसा उडाला तो उडालाच. तो आमच्याकडे मागच्या खोलीत राहायला आला.

त्याच्या मुलीने त्याला रिमोटवर चालणारी शर्यतीची छोटी गाडी पाठवली, तीही सुट्या भागांत. खोका उघडला तर आत पिशव्याच पिशव्या. स्क्रूच पाच-सहा लांबींचे. सोबतची पुस्तिका परक्या भाषेत होती. ती मेहुण्याला येत नाही, मला येते. मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. तेव्हा मी वाचायचं, त्याने जोडायचं, असं ठरलं.

"जेवायला टेबल मिळणार आहे का, की ताटं मांडीवर घेऊ?" बायको रोज विचारायची.

"ताई, आज फक्त मागची चाकं," मेहुणा रोज सांगायचा.

मी फार फापटपसारा वाचतो, अशी त्याची तक्रार होती. "भावोजी, व्याख्यान नको, स्क्रूची लांबी सांगा." त्याचं खरंच होतं. मग मी वाचता वाचताच गाळायला लागलो. जे मला अनावश्यक वाटे, ते त्याच्या कानापर्यंत जातच नसे.

हा खेळ राहिला नव्हता. बाजारातल्या एका मोठ्या घड्याळांच्या दुकानाने त्याला दुरुस्तीच्या टेबलावर बोलावलं होतं. बुधवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. "रविवारी गाडी चालवून बघू," तो म्हणाला. "धड चालली तर जातो. नाहीतर हात कामातून गेला असं समजतो."

शनिवारी मोटर बसवायची होती. मोटरवरचा छोटा गिअर आणि चाकांच्या आसावरचा मोठा प्लास्टिकचा गिअर यांच्यात बारीक फट ठेवावी लागते. ती मोजायची युक्ती छान आहे. दोन्ही गिअरच्या दातांत कागदाची पट्टी धरायची, मोटर दाबून स्क्रू आवळायचे आणि चाक फिरवून पट्टी काढून घ्यायची. कागदाच्या जाडीएवढी फट उरते.

कागद म्हटल्यावर मला चेव आला. कागद मला कळतो, अशी माझी समजूत. माझ्या जुन्या शब्दकोशाची शेवटची कोरी पानं कांद्याच्या सालीसारखी पातळ आहेत. त्यातल्या एकाची पट्टी मी कापली. घड्याळजीच्या हातचं काम, ते बारीकच असायला हवं, असं मनात आलं. पुस्तिकेत त्या चित्राखाली आणखी एक ओळ होती. ती मी वाचली नाही.

"इतका पातळ?" तो म्हणाला.

"जितका पातळ तितकं नेमकं," मी ठोकून दिलं.

रविवारी सकाळी मोकळ्या पार्किंगमध्ये गाडी खाली ठेवली. पहिली फेरी सुरेख झाली. वळणावर गाडी जराही कलंडली नाही. मेहुणा पोरासारखा हसला. दुसऱ्या फेरीत किरकिर सुरू झाली, तिसऱ्या फेरीत जळका वास आला आणि गाडी थांबली. त्याने ती उलटी केली. मोठ्या गिअरचे अर्धे दात खाल्ले गेले होते आणि मोटरला बोट लावता येत नव्हतं.

"मोटर तिरकी बसली," तो म्हणाला. "आवळताना हात हलला असणार."

मी "अरे, होतं असं" एवढंच म्हणालो.

दुपारी पुस्तिका उघडली. ओळ होती: वहीचा साधा कागद घ्या, त्याहून पातळ नको, चालताना प्लास्टिक तापून फुगतं.

तेव्हाच मागच्या खोलीत जायला हवं होतं. सात पावलांचं अंतर. पण मी वाक्य जुळवत बसलो. ते कधी फार लांबायचं, कधी निर्लज्ज वाटायचं. सोमवारी जेवताना त्याने चमचा डाव्या हातात घेतला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी मीठ मागितलं.

मंगळवारी दुपारी गेलो. पुस्तिका त्याच्यासमोर ठेवली आणि ती ओळ त्याला आपल्या भाषेत सांगितली. जुळवलेलं वाक्य आठवलंच नाही.

त्याने चित्रातल्या पट्टीवर बोट ठेवलं. "म्हणजे हात हलला नव्हता?"

"नाही. पट्टी माझी होती."

"तुम्हाला कधी कळलं?"

"रविवारी दुपारी."

"मी काल संध्याकाळी दुकानात नाही म्हणून कळवलं, भावोजी."

त्याने लगेच फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्यपणे बोलत असावा, कारण मेहुणा "हो, हो, बरोबर आहे तुमचं" असंच म्हणत होता. आज सकाळीच त्यांनी दुसऱ्याला बसवलं होतं.

मी माफी मागायला लागलो. त्याने हात वर करून थांबवलं. "ताईला सांगू नका. आठवडाभर उपाशी ठेवेल तुम्हाला." मी हसायचा प्रयत्न केला. तो हसला नव्हता.

मग त्याने गाडी पुढे ओढली आणि मोटर काढायला घेतली. तिचे स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढे. उजव्या हाताने त्याने ते एकेक सोडवले आणि झाकणात ओळीने ठेवले. एकदाही पेचकस घसरला नाही.

"दोन दिवस शिव्या घालत होतो मी याला," स्वतःच्या हाताकडे बघत तो म्हणाला.

मी तिथून उठायला हवं होतं, की बसायला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी बसून राहिलो.