बारावा संगणक

मित्रांनो, मी जरा घाईत आहे. जुळे सोलापुरातल्या अमरेशच्या दुकानात, टेबलावर उघडा पडलोय. तपासणी संपली की माझी डिस्क मोडणार आहेत, तोवर बोलून घेतो. मी एक जुना संगणक आहे. गुन्हा मी केला नाही. चोराला दार मात्र माझंच सापडलं.

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या आबासाहेबांच्या कारखान्यात मी तेरा वर्षं होतो. खिशावरची शाळांची बोधचिन्हं मी भरतकामाच्या यंत्राकडून काढून घ्यायचो. मशाल, पुस्तक, सूर्य, सांगाल ते. आबासाहेब गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवायचे, "बघा, टाका कसा मोजून पडतोय." मी फुशारून जायचो. पुढे नवं यंत्र आलं, त्याच्यासोबत नवा संगणक आला आणि मला कापडाच्या गठ्ठ्यांमागे सरकवलं. अंगावर कुणीतरी चिठ्ठी चिकटवली, 'बंद करू नये'. का, ते लिहिलं नाही. मग काय, वर्षानुवर्षं नुसता घरघरत राहिलो. वायर बाहेरच्या जगाला जोडलेली आणि बंदोबस्त मात्र बाबा आदमच्या काळातला. सारखी धाकधूक वाटायची.

या मे महिन्यात तो आला. माणूस असता तर दमला असता, चहाला उठला असता. हा स्वतःच विचार करणारा प्रोग्राम होता, कुणीतरी कुठूनतरी सोडलेला. एक वाट बंद झाली की दुसरी चाचपायचा, जमलं नाही की आपणच नवी युक्ती काढायचा. ऑफिस सांभाळणाऱ्या अनवरीबाईंची जुनी पत्रं त्याने माझ्यात बसून वाचली. मग हुबेहूब त्यांच्याच भाषेत सगळ्यांना पत्र धाडलं, 'सोबतची फाइल लगेच उघडा.' बाईंचं नाव बघून सगळ्यांनी उघडली आणि कपड्यांचे सगळे नमुने कुलूपबंद झाले. शाळा उघडायला पंधरा दिवस उरलेले, आणि कटिंग ठप्प.

दुरुस्तीला बोलावलेल्या अमरेशने कारखान्यातले अकरा संगणक साफ करून दिले. दुसऱ्या दिवशी तो प्रोग्राम परत हजर, माझ्यातूनच. तिसऱ्या दिवशीही तेच.

"आतलंच कुणीतरी त्याला रोज वाट देतंय," आबासाहेब म्हणाले. "अनवरीबाई, चौकशी होईस्तोवर तुम्ही घरीच थांबा."

"साहेब, नाव माझं हाय, पण ते पत्र मी लिहिलं न्हाई. एकोणीस वर्षं झाली मला हितं." बाईंनी डबा पिशवीत टाकला. माझा जीव नुसता तळमळला. पंखा जोरजोरात फिरवण्यापलीकडे मला काय येत होतं?

बाई निघतच होत्या, तेवढ्यात अमरेश आबासाहेबांपुढे यादी वाचू लागला. "एकूण संगणक अकरा. सगळे तपासलेत."

चहा घेऊन आलेले कोंडीबा शिपाई तिथंच थबकले. "अकरा कसं, साहेब? खंडेनवमीला पूजेचे हार मीच आणतो की. संगणकांना बारा लागत्यात."

खरंच होतं ते. दरसाल गठ्ठ्यांवरून हात लांबवून बिचारे मलाही हार घालायचे.

सगळे, दारातून परतलेल्या बाईसुद्धा, गठ्ठे ओढून मागे आले. आबासाहेब बघतच राहिले. "हा अजून चालू हाय?"

"ह्याचं काम काय?" अनवरीबाईंनी विचारलं.

"आता काहीच न्हाई."

"मग बंद का न्हाई करत?"

आबासाहेबांनी चिठ्ठीकडे बोट दाखवलं. ती कुणी लिहिली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाई खाली वाकल्या आणि त्यांनी वायर उपटली. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. चौकशी संपली नव्हती, म्हणून बाई मात्र त्या दिवशी घरी गेल्याच.

आत्ताच अमरेशने फोन लावला होता. "आबासाहेब, ते पत्र बाहेरून शिरलेल्या प्रोग्रामनेच ह्या संगणकातून धाडलंय. मॅडमचा काही संबंध नाही." पलीकडून आवाज आला, "मी स्वतः जातो त्यांच्या घरी. तोंड कसं दाखवू, तेच कळंना."

अमरेशने स्क्रू काढायला घेतलेत. मित्रांनो, तुमच्या शाळेत, घरात, कुठल्या कारखान्यात माझ्यासारखा कुणी कोपऱ्यात घरघरत असेल, तर जाऊन विचारा, तुझं काम काय, तुझ्याकडे बघतं कोण? काम असेल तर नीट सांभाळा. नसेल तर बंद करा, आम्हाला राग येत नाही. माझ्या गळ्यात दरवर्षी हार पडला, पण चौकशी कुणी केली नाही. ती केली एका बाईंनी, आणि माझ्यापायी नोकरी त्यांचीच चालली होती.