मोडणारीची खुर्ची

आधी मोजे, मग बूट. काढताना आधी बूट.

शिडीवर चढलेला रंगारी उतरला, की शिडीपुरता तो चढलाच नव्हता. विजारीवरचा रंग काही का म्हणेना.

आई, फोनवर, मावशीला: "दोघांचं गणित एकच, उत्तरं दोन. घरात शांतता कशी राहणार?"

फळ्याच्या कोपऱ्यात 'पुसू नये'. त्याच्या वर, खाली, शेजारी काही नाही.

बरं. आता नीट सांगते.

अ, ब, उलटा अ, उलटा ब. यांचे शब्द बांधायचे. अ आणि उलटा अ शेजारी आले की दोघंही गळून पडतात. दुसरा नियम नाही. थोडे शब्द घेऊन, जोडून, उलटवून जेवढे बनतील ती त्यांची टोळी. आता आणखी एक शब्द घ्या. तो टोळीपासून वेगळा आहे का, हे साक्षीदार सांगतात. साक्षीदार म्हणजे छोट्या, मर्यादित रचना, आमच्या प्रश्नात ठरलेल्या एकाच घराण्यातल्या. बाहेरच्याची साक्ष धरत नाहीत. एकानं जरी 'वेगळा' म्हटलं तरी वेगळा. कुणीच म्हटलं नाही तर चिकटलेला.

कुठलाही शब्द, कुठलीही टोळी समोर आली, तर वेगळा की चिकटलेला हे हमखास सांगणारी रीत आहे का?

शब्द वेगळा असेल तर सोपं आहे. साक्षीदार एकेक करून तपासत राहा, कधीतरी सापडेलच. चिकटलेला असेल तर मात्र शोध संपतच नाही. तिथं थांबवणारी दुसरी युक्ती हवी. ती मी शोधत होते, नोकरीला लागल्यापासून.

माझा धाकटा भाऊ त्याच विभागात, तीन दारं पलीकडे, अशी रीत असूच शकत नाही हे सिद्ध करत होता.

म्हणजे त्याचं खरं ठरलं तर माझं कागदांचं कपाट रद्दी.

आमच्या विभागात एक पद्धत आहे. नवी सिद्धता मांडणाऱ्यानं आपला मोडणारा, म्हणजे चूक शोधून ती पाडू बघणारा, आपणच निवडायचा. तो पहिल्या रांगेत बसतो, हवं तिथं थांबवतो, आणि त्यानं होकाराची मान हलवल्याशिवाय कागद विभागाबाहेर जात नाही.

धाकट्यानं मला निवडलं.

"अरे, सख्खी बहीण?" विभागप्रमुख म्हणाले. "सांभाळून घेईल ना तुला."

"ती?" धाकटा म्हणाला. "सर, लहानपणी मी पत्त्यांत रडलो तरी तिनं एक डाव सोडला नाही."

मागून कुणीतरी कुजबुजलं, "उलट मोडूनच टाकेल. तिचं सगळं पणाला लागलंय."

तो फळ्याशी उभा राहिला. प्रत्येक गणनयंत्रामागे त्यानं एक टोळी आणि एक शब्द बांधला होता. यंत्र कधीतरी थांबलं तर शब्द वेगळा, कधीच थांबलं नाही तर चिकटलेला. यंत्र थांबेल का, हे सांगणारी रीत नाही, हे जुनं आणि पक्कं. मग आमच्या प्रश्नालाही नाही. सुंदर होतं. मला राग आला इतकं सुंदर होतं.

"थांब," मी म्हटलं.

खडू थांबला.

"यंत्र थांबलं की तू साक्षीदार उभा करतोस. तो बोलतो बरोबर. पण तो आपल्या घराण्यातला आहे हे कुठं दाखवलंस?"

त्यानं फळा वरून खालपर्यंत पुन्हा वाचला. कान लाल. हा त्याचा नेहमीचा घोटाळा. माणूस कामाचा निघाला की कुणाचा कोण ते विचारायचं नाही.

"नाही दाखवलं, ताई."

"दाखवता येईल?"

"आत्ता... नाही."

संपलं होतं. मान हलवायची नव्हती, एवढंच. माझं कपाट शाबूत. विभागप्रमुखांनी पेनाला टोपण लावलं.

पण त्या घराण्यात माझी सगळी वर्षं गेली होती. कोण कुणावर रचता येतो, कितव्या थराला कोसळतो, मला पाठ. आणि फळ्याकडे बघता बघता मला हवा तो साक्षीदार दिसला. छोटे साक्षीदार, थरावर थर, सगळे घराण्यातले, आणि शेवटचा बरोबर हेच बोलणारा.

मी उठले. "खडू दे."

"ताई, तुझी रीत मग—"

"खडू दे, ठोंब्या."

अर्धा फळा भरला. शेवटची ओळ लिहून मी मागे सरले, तसा तो पुढे आला आणि एकेक थर मोडून बघायला लागला, पार माझ्यासारखा, ओठ दाबून. कुठंच मोडेना.

"हे तुझं आहे," तो म्हणाला. "नाव तुझं पण लागेल."

"लागेलच! सोडते की काय!"

लोक हसले, मग टाळ्या. मी फळ्याकडे तोंड करून, सगळ्यांना दिसेल अशी, मान हलवली. रीत नाही. कुणालाच कधी सापडणार नाही, आणि हे आमच्या घरातल्या दोघांनी सांगितलं.

बाहेर आल्यावर आईला फोन केला.

"मग कोण जिंकलं?"

"धाकटा."

"आणि तू?"

"मी त्याला जिंकवलं."

"मग एवढी फुशारकी कसली तुझ्या आवाजात?"

"ऐकू येतेय ना? येऊ दे."

तो अकरावीत असताना जेवणाच्या टेबलावर हा प्रश्न त्याला पहिल्यांदा मीच घातला होता.