नगाऱ्याच्या वहीतली कोरी पानं

मित्रांनो, मी स्वरलिपीची एक जुनी वही आहे. पण शाळेच्या दप्तरातली नव्हे. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या एका गावात वाद्यवृंद आहे. त्यातल्या नगारे वाजवणाऱ्यासमोर मला उघडून ठेवतात.

इथल्याच एका शाळामास्तरांनी एक परीकथा सुरांत रचली आणि मला स्वतःच्या हाताने लिहिलं. ट्रोल राक्षसाने डोंगरात कोंडलेल्या भावाला सोडवायला एक मुलगी निघते. बासरी म्हणजे ती मुलगी. नगाऱ्याने एकशे बारा आवर्तनं गप्प बसायचं आणि मग एकच टोला द्यायचा. त्याने डोंगराचं दार उघडतं. त्यामुळे माझी पुष्कळ पानं कोरीच होती.

साठ वर्षांत सात वादकांनी ती पेन्सिलीने भरून टाकली. ‘इथे लांडगे आले.’ ‘आता खोकू नकोस.’ ‘काठ्या उचल.’ आणि एके ठिकाणी जाड रेघ मारून, ‘ही आठ आवर्तनं गाळायची.’ वाद्यवृंद चालवणाऱ्या कुणा निर्देशकाला कथेतलं जंगल फार लांबलं असं वाटलं होतं. तेव्हापासून ती कुणीच वाजवत नाही. इतरांच्या वह्यांत त्या जागी कागद चिकटवलेला आहे. माझ्यात नुसती पेन्सिल होती.

गेल्या वर्षी शेजारच्या गावाने आम्हां वह्यांची मागणी केली. उसनी द्यायची वही पुसून द्यावी, अशी इथली रीत आहे. वह्या सांभाळणारी आस्लाउग भारी टापटिपीची. तिने दोन दिवस खपून मला लख्ख केलं. मी रडकुंडीला आले, पण वहीचं रडणं कुणाला ऐकू येणार?

मी परत आले तेव्हा नगाऱ्यांपाशी नवी वादक होती, राग्नहिल्ड. तिचं पहिलं वर्ष उमेदवारीचं होतं. एका संध्याकाळी हीच परीकथा वाजवायची होती आणि त्या कार्यक्रमावर तिची जागा ठरणार होती. त्या दिवशी सकाळच्या तालमीत तिने जिवाच्या कराराने मोजलं आणि टोला दिला. वाद्यवृंद केव्हाच पुढे गेला होता.

निर्देशक हाल्वार थांबला. “अगं, मुलगी आत जाऊन बसली, आता कुणासाठी दार उघडतेस? खिडकीतून शिरली की काय ती?”

सगळे हसले. राग्नहिल्डचे कान लाल झाले. “मी एकशे बारा मोजली. एकही कमी नाही.”

“एकशे बारा?” मागून आस्लाउग उठली. तिचा चेहरा उतरला होता. “तिला हसू नका. आठ आवर्तनं गाळायची खूण मी पुसली. माझंच चुकलं.”

हशा थांबला. मग कॉफीच्या सुट्टीत एकेक वादक माझ्यापाशी आला. ज्याला जे आठवलं ते त्याने लिहिलं. बासरीवाली म्हणाली, “इथे मी वाट चुकते, तेव्हा काठ्या उचल हं!” जाड रेघ आस्लाउगने स्वतः ओढली, शाईने.

संध्याकाळी तो टोला असा पडला, की पहिल्या रांगेतलं एक पोर आईच्या मांडीत शिरलं. राग्नहिल्डला जागा मिळाली.

माझी जुनी अक्षरं मात्र गेली ती गेलीच. ती लिहिणाऱ्या सात वादकांतले चौघे आता हयात नाहीत. म्हणून एवढंच मागते, मित्रांनो. वस्तू स्वच्छ जरूर ठेवा. पण काही पुसायच्या आधी ते एकदा वाचा.